निर्दोष सुटका झाली, पण पोलिसांच्या कॉम्प्युटरला अजून जन्मठेपच: पुढं नेमकं काय करायचं?

शुक्रवार_गल्ली:
मावसभावाच्या बाबतीत विचारतोय, जाणकारांनी सांगावं. २०१२ ला ३०२ मध्ये अटक, २०१६ ला सेशन कोर्टाची जन्मठेप, आणि आता हायकोर्टाच्या आपल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचनं अपील मंजूर करून निर्दोष सोडलंय. कळंबा जेलमधून बाहेर येऊन बारा दिवस झाले. वय ४१, गाव करवीर तालुक्यात. आत जायच्या आधी शिरोलीत लेथवर टर्नर होता.

कागदांत पहिल्यांदा काय धरायचं? पोलीस ठाण्यात सहज विचारलं तर रेकॉर्डला अजून शिक्षाच दिसतीय म्हणाले. सरकार भरपाई देतं का? गावातले एक जण छातीठोकपणे सांगतायत की आत काढलेल्या दर वर्षामागं ठरलेली रक्कम मिळते, नुसता अर्ज टाकायचा. काम कुठं मिळेल? वडील २०१८ ला वारले, सातबाऱ्यावर दोन्ही थोरल्या भावांची नावं चढली, याचं नाही. 'खुनात शिक्षा झालेल्याला वारसा लागत नाही' असं तेव्हा सांगितलं गेलं. आणि शेवटचं, तरुण मंडळाला जत्रेत स्टेजवर सत्कार करायचाय, चौकात डिजिटल फलक लावायचाय. करू द्यावं का?

नक्कल_विभाग:
कागदांचं मी सांगतो, भरपाईचं वकील मंडळी सांगतील.

आधी निकालपत्र. वेबसाइटवरची पीडीएफ वाचायला ठीक आहे, दारोदार चालते ती सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल. पहिल्याच अर्जात सहा प्रती मागा. एकच मागितली की पुढच्या प्रत्येक कार्यालयाला नवा अर्ज, नवी तारीख आणि पुन्हा सीपीआर चौकात हेलपाटा.

निकाल इंग्रजीत आणि साठ-सत्तर पानांचा असणार. ठाण्यातला अंमलदार तो वाचत नाही, कारखान्याचा एचआरवाला तर नाहीच. म्हणून एका पानावर मराठीत टाचण करा: गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, पोलीस ठाणं, सेशन केस नंबर, शिक्षेची तारीख, अपील नंबर, मुक्ततेची तारीख, आणि ज्या परिच्छेदात 'शिक्षा रद्द, आरोपी निर्दोष मुक्त' हा आदेश आहे त्याचा क्रमांक. त्याला आदेशाचं पान टाचायचं. गठ्ठा पिशवीत ठेवायचा, पुढं करायची ती ही दोन पानं. टाचणात मत लिहू नका. 'खोट्या केसमध्ये अडकवले' हे वाक्य खरं असलं तरी ते वाचून समोरचा कारकून बचावात जातो आणि अर्ज वर पाठवून मोकळा होतो.

रेकॉर्डचं कारण साधं आहे. हायकोर्टाचा आदेश सेशन कोर्टात येतो, तिथं नोंदवहीत चढतो, मग पैरवी अंमलदारानं (कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसानं) तो ठाण्यात कळवायचा आणि सीसीटीएनएसला, म्हणजे पोलिसांच्या संगणक नोंदीत, निकाल बदलायचा. या साखळीत शेवटची कडी कुणाच्याच अंगावर नसते. तेव्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या, प्रत ठाण्याला, आवक शिक्का घ्या. मागणी एकाच ओळीत: अमुक गुन्ह्याचा अंतिम निकाल निर्दोष मुक्तता असा नोंदवावा. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात विचारा की या गुन्हा नंबरपुढं निकालाची नोंद आजच्या तारखेला काय आहे. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. बऱ्याचदा उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी नोंद दुरुस्त होते.

बोटांचे ठसे, फोटो वगैरेचं वेगळं आहे. २०२२ च्या ओळख कायद्यात ही मापं ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे, पण आधी कधी शिक्षा न झालेला माणूस सगळे कायदेशीर मार्ग संपून सुटला, तर ती नष्ट करायची आहेत, न्यायालयानं कारण लिहून वेगळं सांगितलं नसेल तर. 'सगळे मार्ग संपून' हे शब्द लक्षात घ्या. सुप्रीम कोर्टाची वाट मोकळी असेपर्यंत हा अर्ज परत येतो.

त्यावरून आठवलं, सुटताना जातमुचलका लिहून घेतला असेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३७-अ, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४८१. सहा महिने तो जिवंत असतो. वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहायची ती हमी आहे. राज्य सरकारला सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस असतात आणि उशीर माफही होऊ शकतो. पत्ता बदलला, भाड्यानं शहरात आला, तरी मुचलक्यावरचा पत्ता लेखी कळवा. मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात हायकोर्टानं २१ जुलै २०२५ ला बाराही जणांची शिक्षा रद्द केली आणि तीन दिवसांत सुप्रीम कोर्टात स्थगिती झाली. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही, निकाल पायंडा म्हणून वापरायचा नाही एवढ्यापुरती ती होती. सांगायचा मुद्दा, घाबरायचं कारण नाही, पण वकिलाचा फोन उचलायचा.

कळंब्यातून अजून आणायचं ते: आत-बाहेरच्या तारखांचा मुदतीचा दाखला (पॅरोल, फर्लोसकट), खात्यावरची शिल्लक आणि मजुरीचा हिशोब, आत घेतलेल्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, दवाखान्याचे कागद. मुदतीचा दाखला भरपाईच्या फाइलचा पाया आहे. कसबा बावड्याला सेशन कोर्टात दोन अर्ज: दंड भरला असेल तर परतीचा, आणि मुद्देमाल परतीचा. जप्त मोबाइल, रोकड, गाडी. गाडीचा सांगाडा उरला असला तरी ताबा घ्या. आरसी नावावर आहे तोवर ती कागदावर तुमचीच.

बाकी भराभर. बँकेत दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. बुडत नाहीत, मागणी त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येते, केवायसी नव्यानं. रेशनकार्डात नाव चढवायला नमुना ८. मतदार यादीतून नाव गेलं असेल तर फॉर्म ६. आधार कधीच काढलं नसेल तर आजच जा, अठरा वर्षांवरील नव्या नोंदणीला राज्याची पडताळणी लागते आणि ती रेंगाळते. मोबाइल स्वतःच्या नावावर घ्या. पुतण्याच्या नंबरला आधार जोडलं की पुढं प्रत्येक ओटीपीला पुतण्या शोधत बसावं लागतं.

बावडा_कोर्ट:
भरपाईबद्दल. गावातल्या त्या गृहस्थांना सांगा, दर वर्षामागं ठरलेली रक्कम देणारा कायदा आपल्याकडं नाही. विधी आयोगानं २०१८ च्या २७७ व्या अहवालात अशी सोय सुचवली होती, चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष न्यायालयं वगैरे. नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात ते आलं नाही. त्या संहितेत बिनबुडाच्या अटकेबद्दल भरपाईचं कलम ३९९ आहे, कमाल मर्यादा एक हजार रुपये. हजार. टायपिंगची चूक नाही.

मग उरतात दोन वाटा.

एक, थेट हायकोर्टात रिट याचिका, घटनेचा अनुच्छेद २२६. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथंच असल्यानं मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. पण सुटका झाली म्हणजे भरपाईचा हक्क झाला, असं न्यायालय मानत नाही. अक्षरधाम खटल्यातून २०१४ ला सुटलेल्यांनी भरपाई मागितली, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती ऐकून घेतली नाही. उलट २००३ च्या नाशिकच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना मार्च २०१९ मध्ये निर्दोष सोडताना त्याच कोर्टानं राज्याला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे दिवसाला ८६ रुपये. इस्रो हेरगिरी प्रकरणातल्या शास्त्रज्ञाला २०१८ मध्ये ५० लाख. आणि बिहारमधला एक जण सुटकेचा आदेश असूनही चौदा वर्षं आत राहिला, त्याला १९८३ मध्ये एकूण ३५ हजार. यात सूत्र शोधू नका, नाही. फरक पडतो तो निकालपत्रातल्या शब्दांनी. 'संशयाचा फायदा' लिहून सोडलंय, की तपास बनावट होता, साक्षीदार उभे केले होते, असं नोंदवलंय? दुसऱ्या प्रकारची वाक्यं असतील तर परिच्छेद क्रमांकांसह ती याचिकेच्या पहिल्या चार पानांत आली पाहिजेत. पहिल्या प्रकारची असतील तर रिटवर फार आशा ठेवू नका, हे मी तोंडावर सांगतो.

दोन, दिवाणी दावा, द्वेषबुद्धीनं खटला चालवल्याबद्दल. इथं बहुतेक दावे मुदतीपाशी मरतात. मुदत कायद्यात अनुच्छेद ७४: मुक्ततेपासून एक वर्ष. चुकीच्या कैदेबद्दलचा अनुच्छेद ७३: कैद संपल्यापासून एक वर्ष. सरकारवर दावा टाकायचा तर आधी दिवाणी संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. हे दोन महिने मुदतीतून वजा होतात, पण त्या भरवशावर अकराव्या महिन्यात जागे होऊ नका. पोलीस अधिकाऱ्याला व्यक्तिशः प्रतिवादी करायचं असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं, त्यातली मुदत सहाच महिने आहे आणि ती कृत्याच्या तारखेपासून मोजतात. बचावाचे वकील पहिला अर्ज त्यावरच देतात. सरकारनं वर अपील केलं तर वर्ष कधीपासून धरायचं यावर वाद घालता येतो. वाद घालायची वेळ आणू नये, मुक्ततेच्या तारखेपासूनच मोजा.

दाव्यात पाच गोष्टी सिद्ध करायच्या, आणि ओझं वादीवर: खटला प्रतिवादीनं चालवला किंवा चालवायला लावला, तो आपल्या बाजूनं संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, हेतू दूषित होता, नुकसान झालं. चौथीपाशी दावे पडतात. निष्काळजी तपास म्हणजे द्वेष नव्हे. नुकसानीसाठी २०१२ ची पगारपत्रकं, हजेरीपुस्तकाची प्रत, वकिलांच्या फीच्या पावत्या, विकलेल्या जमिनीचं खरेदीखत, हे आत्तापासून गोळा करा. फीची पावती घ्यायची आपल्याकडं पद्धत नाही, तेव्हा बँकेचे उतारे काढा. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, त्यामुळं उगाच कोटीचा आकडा टाकू नका. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि फी भरायची ऐपत नसेल तर दिवाणी संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन वादी म्हणून अर्ज करता येतो.

मानवी हक्क आयोगही बरेच जण सुचवतील. तिथं घटनेपासून एक वर्षाच्या आतलीच तक्रार चालते. २०१२ च्या कोठडीतल्या मारहाणीसाठी ती वाट बंद आहे.

शुक्रवार_गल्ली:
लै उपकार. एक विचारायचं राहिलं. एक वकील म्हणतायत, आधी खोटी साक्ष दिलेल्यांवर केस टाकू, बाकी नंतर. तसं करावं का?

बावडा_कोर्ट:
क्रम उलटा आहे. भरपाईला मुदतीची तलवार आहे, ती आधी.

खोट्या साक्षीसाठी थेट खाजगी फिर्याद चालत नाही. ज्या कोर्टात साक्ष झाली तिथं किंवा त्याच्या वरच्या कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ चा अर्ज करायचा, जुनं ३४०. कोर्टाला 'न्यायाच्या हिताचं आहे' असं वाटलं तरच ते पुढं पाठवतं. गुन्हा मात्र जुन्या भारतीय दंड संहितेनंच चालेल, १९३ आणि १९४, कारण साक्ष १ जुलै २०२४ च्या आधीची आहे. नवीन न्याय संहितेची कलमं टाकून अर्ज दिलेले पाहिलेत, ते दुरुस्तीलाच परत येतात.

आणि साक्षीदारावर कोर्टानं विश्वास ठेवला नाही, याचा अर्थ तो खोटं बोलला असा होत नाही. अर्ज टिकतो तो कागदाला कागद भिडवून. पंचनाम्यावर जप्तीची वेळ सकाळी १०, आणि स्टेशन डायरीत अटकच दुपारी २ ची. किंवा मुद्देमाल रजिस्टरला पाकीट सीलबंद, रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात सील तुटलेलं. असं काही निकालात आलं असेल तरच हात घाला. नसेल तर तीन वर्षं तारखा, आणि ज्या गावात राहायचंय तिथं नवं वैर.

उद्यमनगर_टूलरूम:
कामाचं मी सांगतो.

२०१२ चा टर्नर म्हणजे हात चांगला असणार, पण शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला आता हातातल्या लेथवर माणूस ठेवतंय कोण? सगळं सीएनसी, संगणकावर चालणारी मशीन. तरीबी पाया वाया जात नाही. ड्रॉइंग वाचता येतंय, मायक्रोमीटर धरता येतोय, आवाजावरनं टूल बसलंय का कळतंय, हे पोरांना दोन वर्षं शिकवून येत नाही. शिकायचं काय तर जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना), टूल ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) आणि कंट्रोल पॅनल. पहिले दोन-तीन महिने लोडिंग-अनलोडिंगला उभं राहायचं, कमीपणा मानायचा नाही. चूक कुठं होत्या ते आधीच सांगतो: वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजलं की मापात करायची दुरुस्ती. जॉब पाच शतांश जाड येतोय म्हणून उणे ०.०५ टाकायचं असतंय, आणि नवा माणूस घाईत उणे ०.५ टाकतो. एक्स अक्षाला ते व्यासावर धरलं जातंय. अर्धा मिलिमीटर गेला, जॉब भंगारात.  आकडा टाकला की एंटर मारायच्या आधी तोंडानं मोठ्यानं वाचायचा, ही सवय लावून घ्या. जुन्या लेथवाल्याला हँडल फिरवून 'जरा' घ्यायची सवय असती, मशीनला 'जरा' कळत नाही.

जागा कुठं? मोठ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत घेतात, चारित्र्य पडताळणी मागतात, आणि वरच्या भाऊंनी सांगितलेली रेकॉर्ड दुरुस्ती होईपर्यंत तिथं नाव अडकणार. म्हणून सुरुवात शिवाजी उद्यमनगरात नाहीतर वाय. पी. पोवार नगरात जॉबवर्कवाल्याकडं. चार मशीनचं शेड, मालक स्वतः मशीनवर उभा. तिथं माणूस हात बघून ठेवतात. सहा-आठ महिन्यांनी मोठ्या जागी जायचं तर मालकाचं लेटर असतंय हाताशी.

तेरा वर्षांची गॅप लपवू नका. आखातात होतो, शेती बघत होतो, असलं सांगितलं की गावाकडचा एखादा शिफ्टला निघतोच आणि आठवड्यात सगळ्या शेडला कळतंय. सरळ: 'केस होती, हायकोर्टानं निर्दोष सोडलं, हा आदेश.' दोन पानं टेबलावर. पुढं बोलायचं नाही, मशीन दाखवा म्हणायचं. समोरचा खोदायला लागला तरी केसची कथा सांगायची नाही. ती एकदा सुरू झाली की चहा संपेपर्यंत चालती आणि कामाचं राहून जातंय.

पडताळणीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल होता का' असं असतंय. होय लिहा, नंबर आणि निकाल लिहा.

पीएफ: यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच नंबर, २०१४ ला आला. याचा जुना पीएफ त्याआधीचा, म्हणजे जुन्या कंपनीच्या कोडखाली कुठंतरी पडून असणार. जुनी पगार स्लिप घेऊन पीएफ ऑफिसला जायचं, नव्या यूएएनला जोडून घ्यायचं. आणि पहिलं वर्ष तिसरी पाळी घेऊ नका. आत संध्याकाळी बंदी होते, पहाटे गिनती. तेरा वर्षांचं ते घड्याळ अंगात असतंय, रात्री अडीचला मशीनवर डुलकी लागली तर बोट जाईल.

दुसरी_पाळी:
एक उपप्रश्न. हाच माणूस सरकारी नोकरीत असता तर?

बावडा_कोर्ट:
शिक्षेच्या आधारावर चौकशीविना बडतर्फ केलं असेल, घटनेच्या अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकाखाली, तर शिक्षा रद्द झाल्यावर त्या आदेशाचा पाया जातो. पुन्हा रुजू करून घेण्याचा अर्ज लगेच द्यायचा. मधल्या वर्षांचा पगार मात्र आपोआप मिळत नाही. १९९६ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं तो नाकारला, २००३ च्या दुसऱ्यात मुक्ततेच्या तारखेपासून पुढचा दिला. म्हणजे मुक्ततेनंतर अर्जाला जितका उशीर, तितकं नुकसान स्वतःचंच. विभागीय चौकशी स्वतंत्रपणे चालू राहू शकते, हेही धरून चला.

सहा_क:
सातबाऱ्याचं बघू.

'खुनात शिक्षा झालेल्याला वारसा नाही' हे अर्धवट ऐकलेलं आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ सांगतं की ज्याचा खून केला त्याची, किंवा ज्या वारशासाठी खून केला ती, मालमत्ता खुन्याला वारशानं मिळत नाही. वडिलांच्या जमिनीचा त्या केसशी संबंध काय? शिक्षा कायम असताना, २०१८ लाही, याचा हक्क होताच. आता तर शिक्षाच उरली नाही.

फेरफाराची आणि वारस रजिस्टरची, म्हणजे गाव नमुना सहा-क ची, नक्कल काढा. त्यात दोन गोष्टी बघायच्या: वारसांच्या अर्जात याचं नाव होतं का, आणि हितसंबंधितांना नोटीस दिली त्यात याला कुठल्या पत्त्यावर दिली. माणूस कळंब्यात होता हे सगळ्या गावाला माहीत, आणि नोटीस गावच्या घरी भावानं सही करून घेतलेली, असं बहुधा निघतं. तोच अपिलाचा कणा. प्रांताधिकाऱ्यांकडं जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील. मुदत ६० दिवसांची, ती कधीच गेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. कारणात तुरुंगात होतो एवढंच न लिहिता मुदतीचा दाखला जोडा आणि सुटल्यापासूनचा दिवसन्‌दिवस समजावून सांगा. सुटल्यावर सहा महिने गप्प बसलात तर तेरा वर्षांचं कारण पटतं, त्या सहा महिन्यांचं पटत नाही.

आता एक बारीक पण महत्त्वाचं. मुदत कायद्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान आणि मनोरुग्ण यांच्यासाठी दाव्याची घड्याळं थांबतात. कैद्यासाठी थांबत नाहीत. जेलमध्ये असताना कुणी जमिनीवर हक्क सांगून कब्जा धरला असेल तर ताब्याच्या दाव्याची बारा वर्षं चालूच होती. सख्ख्या भावाचा कब्जा सहसा सगळ्यांच्या वतीनं धरतात, त्यामुळं तिथं थोडी उसंत आहे. पण भावांनी तुकडा तिसऱ्याला विकला असेल तर खरेदीखताची तारीख आजच बघा. वडील २०१८ ला वारले म्हणजे २०३० पलीकडं जाऊ देऊ नका.

फेरफारानं मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टात ठरते. तरी प्रांताकडचं अपील आधी करा, कारण भाऊ मुळात वाईट नसतील तर नोटीस हातात पडल्यावर बसून बोलायला तयार होतात. बोलणं झालं तर हक्कसोड किंवा वाटपाचा दस्त नोंदवूनच. स्टॅम्पपेपरवर पंचांच्या सह्या म्हणजे पुढच्या भांडणाचं बियाणं. आणि जमीन बघता बघता वडिलांच्या नावचा साखर कारखान्याचा शेअर, सेवा सोसायटीचा शेअर आणि दूध संस्थेतली ठेव विसरू नका. तिथं नॉमिनी म्हणून एका भावाचं नाव असलं तरी तो सांभाळणारा, एकटा मालक नव्हे.

पंचगंगा_घाट:
सत्काराबद्दल कुणी बोललं नाही. करू देऊ नका. चौकात डिजिटल, हलगी, गुलाल, आणि त्याच गावात मेलेल्या माणसाची बायको-पोरं राहतात. त्यांच्या लेखी खुनी मोकळा फिरतोय, कारण खरा सापडलाच नाही. त्यांनाही सुप्रीम कोर्टात जायची वाट आहे, आणि मिरवणूक बघून ती वाट धरलेली माणसं कमी नाहीत. त्यात जत्रेत ढकलाढकली झाली तर नवा गुन्हा दाखल व्हायला वेळ लागत नाही, आणि 'पूर्वीचा आरोपी' हे बिरुद तयारच असतं. मंडळाला खर्च करायचाच असेल तर डिजिटलच्या पैशात मायक्रोमीटर आणि व्हर्नियर घेऊन द्यावा. चौकातल्या फलकापेक्षा ते बरं.

घरच्यांसाठी. पहिल्या महिन्यात सीपीआर या सरकारी दवाखान्यात एक फेरी: छातीचा एक्स-रे, थुंकी, साखर, रक्तदाब, डोळे, दात. जेलमधून आलोय हे डॉक्टरांना सांगा, क्षयाची तपासणी त्यामुळं आधी करतात. झोप, दचकणं, दार बंद झालं की घुसमट, यासाठी तिथंच मनोविकार विभाग आहे, आणि फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६. एक ओळखू येणारी खूण सांगतो: माणूस दाराशी जाऊन थांबतो, कुणीतरी उघडेल म्हणून. हसू नका, स्वतः उघडून देऊही नका. जेवण कधी, अंघोळ कधी हे विचारत राहिला तर 'तुला हवं तेव्हा' म्हणून सोडू नका, तेरा वर्षं दुसऱ्यानं ठरवलेल्या दिवसानंतर ते ओझं होतं. दिवसाला दोन कामं ठरवून द्या, तिसरं त्यानं ठरवायचं. पैशाचा व्यवहार पहिल्यांदा रोकडीत, यूपीआय नंतर. 'केवायसी संपलीय' असा फोन आला की ही माणसं आज्ञाधारकपणे ओटीपी सांगतात.

आणि पेपरांच्या जुन्या बातम्या. नाव टाकलं की २०१२ ची 'नराधम' वाली बातमी वर येते. काढून टाका म्हणून भांडण्यापेक्षा अद्ययावत करा म्हणून लिहा. बातमीच्या संकेतस्थळांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागणी एवढीच की मथळ्याखाली 'या प्रकरणात उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली' आणि तारीख. ही मागणी बहुतेक जण मानतात. निकालपत्रातून नाव झाकून घेण्याचं प्रकरण अजून अधांतरी आहे. मद्रास उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये तसं करायला सांगितलं आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं ते थांबवलं.

शुक्रवार_गल्ली:
सगळं लिहून घेतलं. मंडळाला आजच सांगतो. उद्या नकलेचा अर्ज टाकतोय.

नक्कल_विभाग:
सहा म्हणालो होतो, तेव्हा प्रांताचं अपील डोक्यात नव्हतं. आठ मागा. आणि अर्जावर मोबाइल नंबर त्याचाच टाका, तुमचा नको.